चौदावा ट्रॅक

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला वाटेल की सायकलच्या लहानशा चाकावर कुणीतरी तपकिरी फीत गुंडाळून ठेवली आहे. तसं नाही. मी मनिलातल्या एका स्टुडिओची जुनी टेप आहे. सध्या माझा मुक्काम कपाटाच्या खालच्या कप्प्यात, एका मोडक्या पंख्याशेजारी आहे. पंखा माझ्याशी बोलत नाही. त्याने एके काळी मालकांना वारा घातलेला आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. प्लास्टिकच्या लांबलचक पट्टीवर गंजाचा बारीक थर चढवला, की मी तयार. होय, गंजच. तुमच्या घरी जी गोष्ट घासून काढतात, तिच्यावर आमच्याकडे गाणी ठेवतात. माझ्या अंगावर चोवीस ट्रॅक होते. एकावर ढोल, एकावर व्हायोलिनं, एकावर गाणारी, असे सगळे शेजारी शेजारी धावायचे आणि कुणी कुणाला धडकायचं नाही. मनिलाच्या रस्त्यांवर हे अजून जमलेलं नाही.

माझा स्वभाव मात्र तुम्हाला आधीच सांगून ठेवते. एका ट्रॅकवर नवं भरलं की जुनं जातं. पहिल्यांदा माझ्यावर चर्चमधल्या मुलांचं प्रार्थनागीत भरलं. मुलं फार गोड गायली. पुढच्या आठवड्यात त्यावर कोंबड्यांच्या खाद्याची जाहिरात आली. पुसताना दुखतं का, असं तुम्ही विचाराल. गुदगुल्या होतात. सांगायला लाज वाटते, पण होतात.

मग अठ्ठ्याहत्तर साली ‘आलितापताप’ नावाचा डिस्कोचा संच आला. आलितापताप म्हणजे काजवे. पुरिता, मर्ली आणि जोसी या तीन मुली हॉटेलात लोक जेवत असताना गायच्या, आणि लोक जेवण थांबवत नसत. त्यांचा अल्बम काढायला घेतला डोरोयसाहेबांनी. पांढरे बूट, कानाखाली जाड कल्ले, आणि वर पुरिताचे नीनोंग. नीनोंग म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला हातात धरणारा धर्मपिता. एकदा धरलं की तो सहसा सोडत नाही.

डोरोयसाहेबांनी ट्रॅक वाटले. ढोलांना सहा. व्हायोलिनांना चार. डिस्को म्हटलं की टाळ्या हव्यात, म्हणून टाळ्यांना दोन. असं करत करत तीन मुलींच्या वाट्याला जे उरलं, त्यात ‘काजवा’ गाण्यातल्या मुख्य आवाजासाठी एकच ट्रॅक निघाला, चौदावा. तो मर्लीला मिळाला, कारण गाणं तिनेच बांधलेलं होतं.

मर्ली गळ्याला कायम रुमाल बांधायची. रुमालाखाली गलगंड होता, आणि त्याचं ऑपरेशन ठरलं होतं. आवाज राहील की जाईल हे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. जीव मात्र नक्की राहील, असं त्यांनी फार आनंदाने सांगितलं होतं. म्हणून मर्लीने ऑपरेशनच्या आधी गाऊन घेतलं. ‘हालिका’, म्हणजे ‘ये’, या शब्दाने गाणं सुरू होतं. तो शब्द तिने असा उचलला की काचेपलीकडे यंत्राजवळ बसलेला तालियो हातातलं तळलेलं केळं खायचं विसरला. तालियो स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण सांभाळायचा. मुली त्याला कुया म्हणायच्या, कुया म्हणजे दादा.

निघताना मर्ली माझ्यापाशी आली. “कुया, ही टेप जपून ठेवा हं,” ती म्हणाली. “न जाणो, उद्या हा आवाज माझ्याकडे नसेल.”

ती दवाखान्यात गेली आणि इकडे अल्बमचं वेष्टण छापायला गेलं. त्यावर तिघींचा फोटो होता आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: काजवा – गायिका मर्ली.

वेष्टणं छापून आल्यावर डोरोयसाहेबांना गाण्यात चमक कमी वाटू लागली. मर्लीचा आवाज थरथरतो, थरथरत्या आवाजावर लोक नाचत नाहीत, असं त्यांचं मत पडलं. पुरिता त्या दिवशी काचेआड मायक्रोफोनपुढे उभीच होती. तिचा आवाज घासलेल्या पितळेसारखा. हिलाच गाऊ दे, साहेब म्हणाले.

तालियोने सांगितलं की एकही ट्रॅक मोकळा नाही, टाळ्यांचा एक काढला तर जमेल. साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने ख्रिसमस रद्द करायला सांगितलं होतं. “चौदावा आहे ना?”

“त्यावर मर्ली आहे, साहेब. वरून भरलं की गेली ती.”

साहेबांनी काचेकडे वळून विचारलं, “इहा, गातेस ना?” इहा म्हणजे पोरी.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. इथे ‘हो’ तोंडाने म्हणायची गरज नसते. भुवया जराशा वर गेल्या की ते ‘हो’. फार सोयीची रीत आहे. तोंड स्वच्छ राहतं. तालियोचं सगळं बोलणं पुरिताने कानांवरच्या चालू फोनमधून ऐकलं होतं. तिने आधी जोसीकडे पाहिलं. जोसी नखं बघत होती. मग पुरिताच्या भुवया वर गेल्या. नीनोंगला नाही कसं म्हणायचं, असं ती पुढे सगळ्यांना सांगायची. पण मित्रांनो, मी समोरच होते. भुवया चटकन गेल्या.

तालियोने लाल बटण दाबलं आणि मला गुदगुल्या झाल्या.

आता माझी एक खोड. मला गुंडाळून ठेवलं की माझा एक वेढा दुसऱ्याला टेकतो आणि मोठा आवाज शेजारच्या वेढ्यावर फिकट उमटतो. वर्तमानपत्रात बांधलेल्या सुक्या मासळीवर बातमी उमटते, तसाच. गाण्याआधी थोडी शांतता होती. तिच्यावर मर्लीच्या ‘हालिका’तला ‘हा’ पुसटसा उमटून बसला होता. तालियोने बटण दाबलं ते शांतता संपल्यावर. त्यामुळे तेवढा ‘हा’ वाचला. मर्लीचा आवाज म्हणून जगात एवढंच काय ते उरलं. कारण ऑपरेशन उत्तम झालं, गलगंड गेला, आणि आवाजही गेला. बोलली की जुन्या पेटीचं झाकण उघडल्यासारखं वाटायचं.

बरी झाल्यावर ती वाटेत शेवयांचा पान्सित बांधून घेऊन आली आणि माझं गाणं लावा म्हणाली. डोरोयसाहेब हवापाण्याबद्दल बोलू लागले. तालियोने उगाच तीन-चार बटणं पुसली. शेवटी मला लावावंच लागलं. मर्लीने डोळे मिटले. शांततेत तो पुसट ‘हा’ आला. तिचा हात रुमालाकडे गेला. आणि मग पुरिता गाऊ लागली.

गाणं संपलं.

“छान गायलेय मी,” मर्ली त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. “नाही का गं, पुरिता?”

“हो,” पुरिता म्हणाली. त्या दिवशी ती तोंडाने म्हणाली.

मग सगळ्यांनी पान्सित खाल्ला. जोसीने दोनदा घेतला.

अल्बम ख्रिसमसच्या तोंडावर बाजारात आला आणि असा खपला की साहेबांनी बूटही नवे घेतले, तेही पांढरेच. टीव्हीवर दुपारच्या कार्यक्रमात काजवे येऊ लागले. तिथे कुणी खरं गात नाही, तबकडी वाजते आणि ओठ हलवायचे असतात. वेष्टणावर नाव मर्लीचं, तेव्हा पुढे मर्ली. गाणं तिनेच बांधलेलं, कुठे श्वास घ्यायचा ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक? ती ओठ अशी हलवायची की बायका पदार्थ करपवून टीव्हीपुढे बसायच्या. मुलाखतीत घोगरं बोलली तर लोक म्हणायचे, बघा, बिचारी सगळा आवाज गाण्यासाठी राखून ठेवते. पुरिता मागच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवायची. मित्रांनो, त्या टाळ्याही तबकडीवरच्याच असत.

एकदा पुरिताने हॉटेलात स्वतःच्या तोंडाने ‘काजवा’ म्हटलं. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने तिची पाठ थोपटली. “पोरी, मर्लीची नक्कल झकास करतेस. फक्त तिच्यातलं ते दुःख काही तुला जमत नाही.”

दुसऱ्या दिवशी ती रडत डोरोयसाहेबांकडे गेली. नीनोंग, खरं काय ते लोकांना सांगा, म्हणाली.

“सांगू की,” साहेब मायेने म्हणाले. “पण मग लोक विचारतील, मर्लीचा आवाज कुठे गेला. ते तू सांगणार ना, इहा?”

पुरिताने डोळे पुसले आणि ती निघाली. तिने तालियोला गाठलं. तबकडीवर सगळे आवाज कालवलेले असतात, पण माझ्यावर चौदावा ट्रॅक एकटा वाजवला की कुणाचा गळा आहे ते आंधळ्यालाही दिसेल. सोमवारी मी रेडिओच्या निवेदकाला घेऊन येते, ती म्हणाली. तालियो प्रामाणिक माणूस. त्याने ही गोष्ट साहेबांना सांगितली.

साहेबांनी रविवारी प्रार्थनेनंतर सोमवारचा बेत मर्लीच्या कानावर घातला आणि तिला घेऊन आले. साबणाच्या जाहिरातीसाठी टेप हवी आहे आणि योगायोग असा की हीच हाताशी आहे, असं ते म्हणाले. “पण गाणं तुझं, मर्ली. तू म्हणशील तसं.”

तालियोला राहवलं नाही. “मर्ली, सुरुवातीला तुझा एक ‘हा’ आहे अजून. खरा तुझा. दुसरीकडे कुठेही नाही.”

तिने तो लावायला सांगितला. ऐकला. पुन्हा लावायला सांगितला. मान किंचित कलती करून, शेजारच्या घरातलं ऐकावं तसा ऐकला. मग तालियोने विचारलं, “पुसू?”

मर्लीच्या भुवया वर गेल्या.

तालियोने मला उचलून मोठ्या चुंबकावर ठेवलं आणि हळूहळू फिरवलं. चोवीसच्या चोवीस ट्रॅक गेले. टाळ्यासुद्धा.

सोमवारी पुरिता निवेदकाला घेऊन आली. तालियोने मान खाली घालून मला लावलं. लहान मुलं एका सुरात शर्ट धुण्याबद्दल गाऊ लागली. निवेदक सभ्य होता. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, यातल्या तुम्ही कोणत्या?

तुम्ही म्हणाल, सगळं पुसलं तर तुला हे आठवतं कसं? जिला पुसतात तिला दुसरा उद्योग काय असतो?

बऱ्याच वर्षांनी मर्ली आणि पुरिता एकत्र आल्या होत्या. डिस्को संपलं होतं, साहेब देवाघरी गेले होते, तालियोला चष्मा लागला होता. दोघी एकाच जीपनीतून, म्हणजे सवाऱ्या नेणाऱ्या लांबट जीपमधून आल्या, भाड्यावरून भांडल्या, आणि माझ्यासमोर शेजारी शेजारी बसल्या. मर्लीने साबणाच्या आधीची शांतता तेवढी लावायला सांगितली. तालियोने आवाज पूर्ण वाढवला. नुसती खरखर.

“येतंय का गं ऐकू?” पुरिताने विचारलं. तिचा हात मर्लीच्या हातावर होता. तिला उत्तर फार हवं होतं.

मर्लीने तिच्याकडे पाहिलं. मग भुवया वर केल्या. पुरिता रडू लागली, आणि मर्ली तिला रडताना बघत राहिली.

मित्रांनो, तिथे काही नव्हतं. ते मला ठाऊक आहे आणि मर्लीलाही.

तेव्हा माझी तुम्हाला एवढीच विनंती. जुन्या टेपा कोरड्या जागी ठेवा, चुंबकाजवळ नेऊ नका, मोडक्या पंख्याशेजारी तर मुळीच नको. आणि दुसऱ्याच्या गोष्टीबद्दल कुणी ‘पुसू का?’ असं विचारलं, तर भुवया जागच्या जागी ठेवा आणि तोंड उघडा.