म्हणे, मीच बिघडलो

मी एक जुना हेडफोन आहे. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून मित्रांनो म्हणतो. तुमची-माझी मैत्री नाही आणि मला ती नकोही आहे. माझ्या उजव्या कानाची गादी फाटली आहे, तारेला चिकटपट्टी गुंडाळली आहे आणि मी मोडक्या कीबोर्डांच्या खणात उताणा पडलो आहे. ऐकायचं तर ऐका, नाहीतर खण लावून घ्या.

बालपण मजेत गेलं, असं इथे लिहायचं असतं. कसलं बालपण? कारखान्यात एका बाईने माझ्या पोटात तारा कोंबल्या, एका बाप्याने ‘हॅलो हॅलो’ करत थुंकी उडवली, आणि झालो मी मोठा. माझ्याच खोक्यातल्या भावंडाला गाणं शिकणाऱ्या एका मुलीने नेलं. मला पगार काढणाऱ्या कंपनीने नेलं. नशीब एकेकाचं.

ही कंपनी दुसऱ्यांच्या कामगारांचे पगार काढायची. कारखान्यांनी हजेरी पाठवायची, कंपनीने हिशेब करून पगार खात्यात टाकायचे. चूक कोणाचीही असो, ओरडायला फोन मात्र आमच्याकडे. मी ज्या ताईच्या डोक्यावर बसलो, तिला दोनच वाक्यं बोलायची परवानगी होती. ‘आपली अडचण मी समजू शकते’ आणि ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ लोक तिच्या सात पिढ्या उद्धरायचे आणि ही आपली दिलगीर.

सगळ्यांत दांडगा होता गोणी कारखान्याचा मॅनेजर. ताई त्याला भोंगा म्हणायची. तो ओरडला की शेजारच्या टेबलावरच्या चहाला पुन्हा उकळी फुटायची. एकदा समोरच्या भिंतीवरची पाल त्या आवाजाने खाली पडली आणि उठून थेट दुसऱ्या कचेरीत राहायला गेली. खोटं वाटत असेल तर पालीला विचारा.

माझ्या तारेवर एक बारीक बटण आहे. ते दाबलं की बोलणाऱ्याचा आवाज पलीकडे जात नाही. ताई बटण दाबायची, मनातलं सगळं भडाभडा ओकायची, पुन्हा बटण दाबून दिलगीर व्हायची. अख्खी कचेरी अशीच जगत होती. ते बटण नसतं तर निम्मी माणसं वेडी झाली असती आणि उरलेली तुरुंगात गेली असती. माझं मात्र कोणी विचारलं नाही. इकडच्याही शिव्या माझ्यात, तिकडच्याही माझ्यात.

ताईचे वडील अंथरुणाला खिळलेले, धाकटी बहीण अजून शिकणारी. घर तिच्या एकटीच्या जिवावर. भोंग्याच्या तक्रारीवरून तिला ताकीद मिळालेली होती. आणखी एक तक्रार आली की नोकरी जाणार होती.

आणि पगाराच्या दिवशी भोंगा वाजला.

“आमच्या माणसांचे पगार कुठे आहेत? झोपा काढता का तिथे?”

“आपली अडचण मी समजू शकते, साहेब. आपली हजेरी अजून...”

“हजेरीबिजेरी मला सांगू नका. तुमच्यामुळे माझी माणसं दारात उभी आहेत.”

ताईने बटण दाबलं. रोजच्या दाबण्याने ते पार झिजलं होतं. ‘टक’ वाजलं खरं, पण आवाज काही थांबला नाही. तिला काय ठाऊक?

“हजेरी तूच पाठवली नाहीस, भोंग्या. सोमवारपासून मागतेय मी. कधी साहेब जेवायला, कधी साहेब बैठकीत. आणि माणसं दारात आली की माझ्या नावाने बोंब. आत्ता पाठव, संध्याकाळच्या आत पगार टाकून दाखवते.”

पलीकडे चिडीचूप. मग लांबून एका बाईचा आवाज आला, “साहेब, हजेरी तुम्हीच पाठवली नाही होय?”

चूक कोणाची ते कामगारांना ऐकवायला भोंग्याने फोन मोठ्या आवाजावर लावला होता.

“पाठवा की मग,” ती बाई म्हणाली. “आम्ही बसतो इथेच. घाई नाही.”

हजेरी इतक्या वेगाने आली की ताईच्या पदराला वारा लागला. संध्याकाळच्या आत पगार झाले. आणि पगारामागोमाग भोंग्याची तक्रारही आली.

आमचा वरिष्ठ ताईच्या टेबलाशी आला. त्याला सगळे गोडबोल्या म्हणत. साखरेत घोळून माणूस कापायचा.

“ताई, पाणी घेता? तुम्हाला घरी पाठवताना मला किती वाईट वाटेल, काय सांगू.”

“सर, मी बटण दाबलं होतं. ते चालत नाही.”

“बटणं बिघडत नसतात हो. माणसं बिघडतात.” त्याने मला ओढून स्वतःच्या डोक्यावर चढवलं. “मोठ्या साहेबांची परवानगी घेतो, इथूनच.”

मोठे साहेब बोलायला लागले ते थांबेचनात. गोडबोल्याने सवयीने बटण दाबलं आणि ताईला म्हणाला, “थेरडा आता तासभर डोकं खाणार. खरं तर आधी यालाच घरी पाठवायला पाहिजे.”

पलीकडे चिडीचूप. ही शांतता मी ओळखतो.

“कोणाला पाठवायचं म्हणालात?”

गोडबोल्याला असा घाम फुटला की माझी फाटकी गादी पोहायला लागली.

“सर, ते... हा हेडफोन बिघडलाय, सर. मध्येच भलते आवाज येतात. आमच्या ताईंनाही आज हाच त्रास झाला. त्यांची काही चूक नाही, सर.”

“कधीचा बिघडलाय,” ताई शांतपणे म्हणाली. “मी आत्ताच सरांना सांगत होते.”

नोकरी राहिली. दोघांचीही. माझ्यावर मात्र ‘बिघडलेला’ अशी चिठ्ठी डकवली. भलते आवाज म्हणे. उभ्या आयुष्यात त्या दिवशीच तर मी नेमकं खरं ते पोचवलं.

तर मित्रांनो, वस्तू जपा, पुसून ठेवा, वगैरे मी सांगणार नाही. मला पुसलंत काय, नाही काय. फक्त फोनवर कोणावर तोंड सोडायची हुक्की आली, तर आधी आपलं काम झालंय का ते बघा. झालं असेल तरी हळू बोला. तारेच्या दुसऱ्या टोकाला कान असतो, गटार नसतं.

मला या खणात ठेवायला ताई स्वतः आली होती. चिकटलेली चिठ्ठी तिने बोटाने नीट दाबली आणि म्हणाली, “सुटलास बाबा.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती दिलगीर व्हायला गेली.