बदकांचा अभ्रा

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी मी कोरिनला आणायला तिच्या होस्टेलवर गेलो, तेव्हा ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून रडत होती. मला वाटलं, परीक्षा वाईट गेली. तिच्या शेजारी तिची खोलीतली मैत्रीण डेलेनी उभी होती. डेलेनीही रडत होती, पण तिचं तोंड खाताना हलत होतं. चिप्सचं पाकीट हातात होतं.

"बाबा," कोरिन म्हणाली, "डीकन गेला."

"मेला?"

"मेला नाही. गेला. शेजारच्या खोलीतल्या ब्रिनच्या कपड्यांबरोबर."

डीकन म्हणजे आमचा साप. आमचा म्हणजे नोलाचा, माझ्या बायकोचा. आफ्रिकेतल्या छोट्या अजगरांपैकी एक. अंगावर तपकिरी ठिपके, पोट पांढरं, आणि भ्यायला की स्वतःच्या अंगाचा गोळा करून डोकं आत लपवतो. नोला कॉलेजात होती तेव्हा तिने तो घेतला. आमच्या चर्चमधला एक डीकन, म्हणजे पाद्र्याचा मदतनीस, सगळी प्रार्थना असाच मान आत घालून झोपेत काढायचा, म्हणून तिने हे नाव ठेवलं. आमच्या लग्नाआधीपासून तो तिच्याकडे होता. ती एप्रिलमध्ये गेली. तो राहिला.

एप्रिलनंतर त्याने माझ्या हातचं काही खाल्लं नाही. मी उंदीर आणले, गरम केले, चिमट्याने त्याच्या तोंडापुढे धरले. तो तोंड फिरवून बसायचा. उन्हाळाभर हेच. ऑगस्टपर्यंत त्याच्या पाठीचा कणा वर आला, कातडी लोंबायला लागली. मग कोरिनने त्याला कॉलेजात नेलं आणि दुसऱ्याच दिवशी फोन केला की त्याने खाल्लं. मी म्हणालो, चांगलं झालं. आणि फोन ठेवून गॅरेजमध्ये गेलो आणि एक रिकामा डबा लाथेने उडवला.

होस्टेलमध्ये मासा सोडून कुठलाच प्राणी चालत नाही. पण पोरी पाळतात. कोणाकडे हॅमस्टर, कोणाकडे मांजर. साप तर सगळ्यात सोपा, आवाज नाही, वास नाही. पलंगाखाली प्लॅस्टिकचा खोका, त्याखाली गरम करायची चटई, झालं. सुट्टी लागायच्या दिवशी मात्र मजल्याची प्रमुख, म्हणजे त्यांच्याच वयाची एक पोरगी, प्रत्येक खोली तपासत येते. खिडक्या बंद आहेत का, मेणबत्त्या नाहीत ना. ती कॉरिडॉरच्या एका टोकाकडून येते आणि पोरी नको त्या वस्तू तिच्या मागून तपासून झालेल्या खोल्यांत सरकवतात. टोस्टर जातो, मेणबत्त्या जातात, मांजर जातं. सगळ्या मजल्याला हे पाठ आहे. मला वाटतं, त्या प्रमुख पोरीलाही पाठ असणार.

"मग?" मी विचारलं.

"माझा पेपर होता सकाळी," कोरिन म्हणाली. "मी त्याला अभ्र्यात घालून गाठ मारली आणि डेलेनीला सांगितलं, ब्रिनची खोली तपासून झाली की तिथे नेऊन ठेव."

सापाला न्यायचं असलं की उशीच्या अभ्र्यातच नेतात. कापड असतं, श्वास घेता येतो, अंधारात तो शांत बसतो. नोलानेच शिकवलेलं.

"मी ठेवला की," डेलेनी म्हणाली. "ब्रिनच्या पलंगावर. आणि तिला मेसेजही केला, मिस्टर टॅकेट. 'डीकन तुझ्या पलंगावर आहे.' बदाम टाकून."

"आणि तिने वाचला नाही."

"ती अंघोळीला गेली होती. बाहेर आली, पलंगावर होतं नव्हतं ते सगळं कपड्यांच्या पिशवीत कोंबलं आणि निघाली. घरी धुवायला."

सुट्टीत घरी जाताना पोरं काय नेतात? पुस्तकं नेत नाहीत. मळके कपडे नेतात. महिन्याभराचे, आईने धुवावेत म्हणून. देशभर हेच चालतं.

"तिला फोन करा ना मग!"

"केला. ती गाडी चालवते तेव्हा तिची आई तिला फोन डिकीत ठेवायला लावते. घरचा फोन कोणी उचलत नाही."

"कुठे राहते?"

"लँकेस्टरला."

"तिची आई घरी पोचल्या पोचल्या मशीन लावते," डेलेनी म्हणाली. "ब्रिन नेहमी सांगते. गरम पाणी, ब्लीच, सगळं."

कोरिनने तोंडावर हात ठेवला. मी डेलेनीला म्हणालो, "पोरी, तू आता चिप्स खा."

आम्ही पिकअपमध्ये बसलो. बाहेर थंडी होती. आधी मला मशीनपेक्षा डिकीची भीती वाटत होती, कपड्यांची पिशवी तिथेच असणार. हा साप घरात जरा गारठा पडला तरी मलूल होतो. मी घरं गरम ठेवायच्या भट्ट्या दुरुस्त करतो, आणि माझ्या घरातली सगळ्यात चांगली भट्टी आजवर एका सापासाठी चालली आहे.

रस्ता तुंबलेला. सगळं ओहायो त्या दिवशी कोणाच्या तरी आईकडे निघालेलं. आमच्या पुढे एक म्हातारा मोटारीवर नांगराचं पातं बांधून, स्वस्थपणे, रस्त्याच्या मधोमध चालला होता. मी हॉर्न वाजवला. त्याने हात हलवून मला नमस्कार केला.

"होस्टेलात साप चालत नाही हे तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"हो."

"तरी नेलास."

"घरी ठेवला असता तर मेला असता, हेही माहीत होतं."

"मी काय त्याला मुद्दाम उपाशी ठेवला? सगळं केलं. जिवंत उंदीर आणले, मेलेले आणले, काळे आणले, पांढरे आणले. त्या दुकानातला माणूस मला बघितलं की दार उघडून धरायचा."

"तू करत होतास, बाबा. तेच तर."

"तेच तर काय?"

"तू उंदीर टाकतोस आणि समोर उभा राहतोस. कंबरेवर हात ठेवून. 'खा बाबा, खा की रे, काय झालं तुला.' झाकण काढतोस, परत लावतोस, टॉर्च मारतोस. कोण खाईल?"

"तुझी आई काय करायची?"

"टाकायची आणि निघून जायची. पाठ फिरवून. सकाळपर्यंत बघायची नाही."

"मला कधी सांगितलं नाही तिने."

"तू तळघरात यायचास कुठे? तुला साप आवडत नव्हता."

हे खरं होतं. मला साप कधी आवडला नाही. आताही आवडत नाही. पण तो तिने हातात घेतलेला आहे, एवढी वर्षं. घरात तिचे हात लागलेल्या वस्तू पुष्कळ आहेत, पण श्वास घेणारी तेवढी एकच. ती वस्तू या क्षणी कोणा ब्रिनच्या मोज्यांत गुंडाळून हायवेवरून चालली होती, आणि मी नांगराच्या पात्यामागे अडकलो होतो.

"सरक ना रे म्हाताऱ्या!" मी काचेवर हात आपटला.

"बाबा, त्याला ऐकू येत नाही."

"माहीत आहे मला."

ब्रिनचं घर गल्लीच्या टोकाला होतं, दारावर मक्याची कणसं बांधलेली. दार ब्रिननेच उघडलं. ओले केस, पायांत नुसते मोजे, हातात केक.

"कोरिन? अगं तू इथे कशी?"

"कपडे कुठायत?"

"कुठले?"

"पिशवी, ब्रिन! पिशवी!"

"मॉमने मशीनला लावले की. कधीच."

आतून मशीनचा आवाज येत होता. कोरिन तिला ढकलून आत गेली, मी मागोमाग, बुटांसकट. स्वयंपाकघराच्या मागे कपडे धुवायची खोली. मशीनच्या गोल काचेत पांढरा फेस, आणि फेसात काहीतरी पिवळं गरगर फिरत होतं. तो अभ्रा पिवळाच आहे. कोरिन लहान असताना नोलाने घेतलेला, त्यावर छोटी बदकं आहेत.

कोरिन काचेवर दोन्ही हात ठेवून बसली. मी बटण शोधू लागलो. आयुष्य यंत्रं दुरुस्त करण्यात गेलं आणि मला ते बंद करायचं बटण सापडेना. शेवटी मी वायरच उपटली. मशीन गुरगुरत थांबलं. दार उघडेना. पाणी भरलेलं असलं की ते उघडत नाही.

"काय चाललंय माझ्या घरात?"

मागे एक ठेंगणी बाई उभी होती, हातांना पीठ. मिसेस ऑस्टर.

"मॉम, ही कोरिन. आणि तिचे बाबा. ते... मला नाही माहीत, मॉम."

"बाई, तो अभ्रा," मी म्हणालो. "पिवळा. बदकांचा. गाठ मारलेला."

"तो? तो आमचा नाही."

"नाही, आमचा आहे, तुम्ही तो..."

"आमच्या घरात बदकांचं काही नाही. माझं कापड मला कळतं. दुसऱ्याचं कापड मी माझ्या पाण्यात घालत नाही. तो बाजूला ठेवलाय."

"मग हे पिवळं काय?"

"ब्रिनचा टॉवेल. तुम्ही माझ्या मशीनची वायर का काढलीत?"

कोरिन उठली. "उघडला नाहीत ना?"

"गाठ होती त्याला. कॉलेजातून आलेली गाठ मी सोडत नाही, बेटा. हिच्या भावाची एकदा सोडली होती." तिने पाठीमागे बोट दाखवलं. "तिकडे आहे, ड्रायरवर. जड आहे. मला वाटलं ओला टॉवेल, म्हणून वाळेल तेवढा वाळू दे म्हटलं. दोनदा थोपटला पण मी."

ड्रायर चालू होता. त्यावर बदकांचा अभ्रा होता, ऊबेत, गाठीसकट. कोरिनने तो दोन्ही हातांनी उचलला, गाठ सोडली आणि आत बघितलं. आत गोळा होता. गोळा जरा हलला. एक जीभ बाहेर आली, परत आत गेली.

"काय आहे त्यात?" मिसेस ऑस्टरने विचारलं.

ब्रिन म्हणाली, "मॉम, तू आधी बस."

ती बसली. सांगितल्यावर ती आपल्या थोपटलेल्या हाताकडे बघत राहिली. "मी त्याला 'कसलं ओझं आहे हे' असं पण म्हणाले," ती म्हणाली. मग उठून तिने हात धुतले, साबण लावून, परत धुतले, आणि आम्हाला भोपळ्याची गोड पाई कापून दिली. नको म्हणायची सोय नव्हती.

"तुझे कपडे कोण धुतं गं?" तिने कोरिनला विचारलं. "तुझी आई या सापासकट धुते की काय?"

"मॉम!" ब्रिन म्हणाली.

"आई एप्रिलमध्ये गेली," कोरिन म्हणाली. "मी होस्टेलमध्येच धुते."

मिसेस ऑस्टरने माझ्याकडे बघितलं. मी बशीतल्या पाईकडे बघितलं. नंतर जाताना तिने उरलेली सगळी पाई फॉइलमध्ये बांधून दिली आणि म्हणाली, "वायर परत लावून जा."

गाडीत कोरिनने अभ्रा स्वेटरच्या आत, पोटाशी धरला होता. ती म्हणाली, "तो आता घरीच राहू दे. मी परत नाही नेणार."

"माझ्याकडे खात नाही तो."

"खाईल."

"नाही खाल्लं तर?"

"बाबा, मला आज वाटलं की आईला मीच मशीनमध्ये टाकलं. मला नाही परत तसं वाटून घ्यायचं."

मी हीटर वाढवला.

सुट्टी संपली तशी ती गेली. जायच्या आदल्या दिवशी मी तिचे पिशवीभर कपडे धुऊन ठेवले होते. तिचा एक पांढरा सदरा गुलाबी झाला होता. तिने तो तसाच घातला.

मग मी गोठवलेला उंदीर फ्रीझरमधून काढला, कोमट पाण्यात सोडला, पुसला, नोलाच्या केस वाळवायच्या ड्रायरने गरम केला. तळघरात जाऊन डीकनच्या खोक्यात ठेवला. झाकण लावलं. पाठ फिरवली. वर गेलो. जिन्यात थांबलो. परत खाली आलो. परत वर गेलो. सकाळी बघितलं तर उंदीर तिथेच, फुगलेला. मी तो कचऱ्यात फेकला आणि सापाला जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

"तू जिन्यात उभा होतास," कोरिन फोनवर म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"पायऱ्या वाजतात. त्याला जमिनीतून कळतं. आणि तो हिवाळ्यात असाही कमी खातो. आठवडाभर त्याला हातही लावू नकोस."

आठवडा गेला. मी हात लावला नाही. पाण्याचं भांडं बदलायचो तेही तोंड दुसरीकडे करून. भट्टी वाढवली. गॅरेजमध्ये जाऊन नको ती कामं केली. मग पुन्हा उंदीर, पुन्हा ड्रायर, पुन्हा झाकण. या वेळी मी वर गेलोच नाही. जिन्यावर पायच ठेवायचा नाही असं ठरवून तळघरात, कपडे धुवायच्या मशीनजवळ, भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसलो. हललो नाही. तेवढ्यात फोन वाजला. कोरिन.

"काय करतोयस?" ती म्हणाली.

"भिंत बघतोय," मी हळू आवाजात म्हणालो.

"कुठली?"

"तळघरातली. रंग द्यायला पाहिजे."

"बाबा, तू तिथेच बसलायस? मी तुला सांगितलं होतं ना, टाकून निघून जायचं म्हणून?"

"पायऱ्या वाजतात म्हणालीस. मग जाऊ कसा?"

"अरे देवा. मग निदान वळून बघू नकोस."

"नाही बघत."

"आणि बोलू नकोस त्याच्याशी."

"त्याच्याशी नाही बोलत, तुझ्याशी बोलतोय. तूच फोन केलास."

पाठीमागे खोक्यात धप्प असा आवाज झाला. प्लॅस्टिकवर काहीतरी आपटलं, आणि मग काहीतरी वळत, आवळत राहिलं. माझी मान आपोआप वळायला लागली. मी ती हाताने धरली.

"बाबा? काय झालं?"

"गप्प बस जरा," मी म्हणालो. "जेवतोय तो."