सहा मीटरच्या पलीकडे

मी टिकटिक्या बोलतोय. हे नाव मुलांनी ठेवलं. खोक्यावरचं 'अंतर-संवेदक' म्हणताना त्यांची जीभ अडखळायची. मुठीएवढी डबी मी. मी टिकटिक सोडतो, ती समोरच्या माणसावर आपटून परत येते, आणि तो किती लांब आहे त्याची रेघ पडद्यावर उमटते. लांब गेलात की रेघ चढते, जवळ आलात की उतरते, उभे राहिलात की आडवी. चेहरे मला दिसत नाहीत. सहा मीटरच्या पलीकडे तर काहीच नाही.

मोल्दोव्हात, प्रूत नदीकाठच्या शाळेत, मी प्रोफिराबाईंच्या विज्ञानाच्या वर्गात आलो. बाई आयतं उत्तर कधी द्यायच्या नाहीत. पडद्यावर वेडीवाकडी रेघ काढून विचारायच्या, "कसं चाललं तर अशी येईल?"

पोरं बाईंकडेच बघत राहायची.

"माझ्या तोंडाकडे काय बघता? चालून बघा!"

मग काय, नुसती धांदल! कोणी उलटं चालायचं, कोणी बाकावर धडकायचं. "अरे ग्रिशा, खेकडा झालास की रे!" सगळा वर्ग खिदळायचा. फार चांगले दिवस होते हो ते.

रेघ सगळ्यांत आधी ओळखायची नऊ वर्षांची लेनुत्सा. तिची आई इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करायला गेलेली, ही इथे आजोबांकडे. एकदा बाईंनी मुलांनाच रेघा काढायला लावल्या. लेनुत्साची रेघ सरसर चढली आणि मग आडवी झाली, ती आडवीच.

"ही माझी आई," ती म्हणाली. "बाई, ही खाली कधी येते?"

बाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता, सवयीनं बोलून गेल्या, "मला कशाला विचारतेस? चालून बघ."

पोरगी खरंच निघाली! दुसऱ्या दिवशी, जानेवारीच्या बर्फात, आईकडे जायला, नदीवरच्या सीमेच्या पुलाकडे एकटी. तिन्हीसांजेला सीमेवरच्या शिपायांना सापडली. जीव वाचला, पण गारठून उजव्या पायाची दोन बोटं गेली.

"बाई, तुमचा काय दोष?" आजोबा म्हणाले. पण बाई खचल्या त्या खचल्याच. त्या दिवसापासून त्या पुस्तकातली उत्तरं सांगू लागल्या आणि मुलं मुकाट्यानं लिहून घेऊ लागली. मी कपाटात गेलो. रेघ तर मीच शिकवली होती ना तिला? हे मनातून जात नाही.

जूनमध्ये लेनुत्साची आई तिला न्यायला आली. आई अंगणात थांबली, लेनुत्सा वर्गात आली. तिनं मला काढलं, तार जोडली.

"नको गं, राहू दे," बाई म्हणाल्या.

"बघा तर खरं!" ती पाठ करून दाराकडे निघाली. जरा लंगडत होती, रेघही तशीच थांबत थांबत चढली. दारात ती वळली. "बाई, मी चालले म्हणूनच आई आली. तुम्ही बरोबर सांगितलं होतं!"

आणि ती गेली. माझी टिकटिक परत आली नाही.

मग बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. रेघ आडवी. चेहरा मला दिसत नाही, पण हुंदका ऐकू आला. पुढे नाही, मागे नाही, किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. शेवटी त्यांनी तार काढली.

आता मी पुन्हा कपाटात आहे. पोरांनो, कोणी मला बाहेर काढलंच, तर आधी बाईंचा हात धरा आणि त्यांना म्हणा, "बाई, चालून बघा."