झोपेची चिठ्ठी

अनाथाश्रमात पोर येतं तेव्हा त्याच्याबरोबर कागद कमी आणि रडणं जास्त असतं. जातं तेव्हा उलट. दत्तक जाणाऱ्या पोराच्या फायलीत वजन असतं, रक्तगट असतो, अंगावरच्या खुणा असतात. पण ते झोपतं कसं, हा रकाना आजवर कुठल्याही साहेबाला सुचलेला नाही. तो आश्रम सांभाळणाऱ्या मावशीला सुचला. चौतीस वर्षं ती प्रत्येक फायलीवर टाचणीने एक चिठ्ठी लावत आली. हा डाव्या कुशीवर झोपतो. हिला दार अर्धं उघडं लागतं. याला गोष्ट सांगू नये, प्रश्न विचारत बसतो, नुसतं थोपटावं. "खायला कोणीही घालतं," मावशी म्हणायची, "झोपवून दाखवा."

आश्रम चर्चचा. दहा खाटा, एक स्वयंपाकघर, मागे कपडे वाळत घालायला दोरी. मावशी मायाळू, पण कडक. चर्चच्या पंचकमिटीत ती एकटी बाई, आणि तिच्यापुढे बाकीच्या पंचांची बोलती बंद. रविवारच्या शाळेत अर्ध्या मंडळीला तिनेच शिकवलेलं. कुणी लहानसहान खोटं बोललं की तिचं ठरलेलं वाक्य असायचं: "एक पाऊल वाकडं पडलं की दुसऱ्याला रस्ता सापडतो." ते पाठ म्हणून दाखवलं की ती 'शाब्बास' म्हणायची. तिची शाब्बासकी सहजासहजी मिळत नसे, म्हणून पोरं त्यासाठी जीव टाकायची.

त्या वर्षी सरकारने नवा कायदा केला. दत्तक देणाऱ्या प्रत्येक संस्थेने हमीपत्रावर सही करायची: नवराबायको असोत, लग्नाशिवाय एकत्र राहणारे असोत, दोन बाया असोत की दोन पुरुष, तपासणीत योग्य ठरलेल्या कुठल्याही जोडप्याला आम्ही नाही म्हणणार नाही. सही नाही, तर महिनाअखेरीस परवाना रद्द आणि मुलं सरकारी बालगृहांत.

पंचकमिटी बसली. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "आपण कुणाला शिव्या देत नाही, कुणाच्या घरात डोकावत नाही. पण मूल कुणाच्या हाती द्यायचं, हे आपण प्रभूला विचारून ठरवत आलो. उद्यापासून सरकारला विचारायचं का?" सही करायची नाही, कोर्टात स्थगिती मागायची, असं ठरलं. पहिला हात मावशीचा वर गेला. तिला आईबाप दोन्ही असलेलं घर हवं होतं, प्रत्येक पोराला, आणि ते तिच्या श्रद्धेच्या तळातून आलं होतं. त्यात द्वेष नव्हता. कायदा करणाऱ्यांनी मात्र उंटावरून शेळ्या हाकल्या. दहा खाटांचं एक घर त्याच्या समजुतीने चालू दिलं असतं तर आभाळ कोसळलं नसतं.

आता त्या दोघी बहिणींचं सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यावरच येऊन पडलं.

थोरली नऊ वर्षांची. दहाही खाटांवर हुकूम चालवायची, म्हणून राणीसरकार. धाकटी चार वर्षांची. राणीसरकार जिथे जाईल तिथे तिचा फ्रॉक धरून मागे, म्हणून शेपूट. दोघींच्या खाटा वीतभर अंतरावर. दिवा मालवला की शेपूट खाटेच्या गजांतून हात बाहेर काढायची, पलीकडून थोरली तो धरायची, आणि दहा मिनिटांत काम फत्ते. एकदा राणीसरकारला गोवर निघाला आणि तिला वेगळ्या खोलीत ठेवलं, तेव्हा शेपूट तीन रात्री हात बाहेर काढून टक्क जागी बसली होती. मावशीने स्वतःचा हात देऊन पाहिला. शेपटाने तो नीट चाचपला आणि परत केला.

या दोघींना एकत्र न्यायला एकच जोडपं तयार होतं. एक सुतारकाम करणारी बाई आणि तिच्याबरोबर राहणारी शाळेतली मास्तरीण. सरकारी तपासणीत दोघी पास. त्या भेटायला आल्या तेव्हा मावशीने त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली आणि सांगितलं, "माझं मन मानत नाही. तुमच्याशी गोड बोलून मागून फाइल दडपणार नाही मी. तोंडावर सांगते." मास्तरणीचे डोळे भरले. जाताना पोरींच्या खोलीचं दार करकरलं, तशी सुतारणीने पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला, बिजागरी घट्ट केली आणि गेली. तेव्हापासून ते दार आवाज करत नाही. मावशीला त्याचा राग यायचा. माणसं वाईट निघाली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं, आणि असं वाटलं म्हणून ती प्रार्थनेत क्षमाही मागायची.

महिन्याच्या मध्यावर बालकल्याण खात्याची अधिकारी आली. तरुण पोरगी, कळकळीची. तिने एक फॉर्म पुढे केला. "मावशी, सरकारी बालगृहं वयानुसार आहेत. सहाच्या आतली एका शहरात, वरची दुसऱ्या. भावंडं एकत्र ठेवायची असतील तर हा अर्ज वीस तारखेच्या आत द्या. बाकी मी बघते."

मावशीने चष्मा लावला. फॉर्मच्या माथ्यावरच छापलं होतं: 'नवीन कायद्यातील हमीस बांधील राहून आम्ही अर्ज करतो की...'

"ही ओळ खोडून चालेल?"

"छापील फॉर्म आहे हो. खोडलेला वरून परत येतो."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मावशी फॉर्म घेऊन पाळकसाहेबांकडे गेली. ते बराच वेळ बोटांनी कपाळ चोळत बसले. मग म्हणाले, "मावशी, सही केलीत तर कोर्टात ते म्हणतील, कायदा यांना मान्यच आहे. आणि दुसरं सांगू? घर बंद होणार असं धरून आपण अर्ज करायचा, तर मग गुडघे टेकून मागतोय तरी काय?"

हे दुसरं मावशीच्या वर्मी बसलं. देवाकडे दार मागायचं आणि मागच्या खिडकीतून उडी मारायची तयारी ठेवायची, हा कसला विश्वास? तिने फॉर्म आपल्या बायबलमध्ये घातला, ते मिटलं आणि चार दिवस उपास केला. मंडळीतल्या बायका रोज दुपारी येऊन तिच्याबरोबर प्रार्थनेला बसल्या. सरकारच्या मनाला पाझर फुटो, एवढंच मागणं.

वीस तारखेला अधिकाऱ्याचा फोन आला. "मावशी, अर्ज?"

"लागणार नाही, बाळा. आमचं घर बंद होत नाही."

"मी पाचपर्यंत ऑफिसात आहे," ती म्हणाली. पाच वाजले. मावशी कपड्यांच्या घड्या घालत बसली.

सत्तावीस तारखेला कोर्टाने स्थगिती नाकारली.

तीस तारखेला सकाळी दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. मावशीने आदल्या दिवशी सगळ्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. शेपटाच्या चिठ्ठीत एकच ओळ: 'हिला ताईचा हात लागतो. खाटा जवळ ठेवा.' ती लिहितानाही तिला वाटत होतं की अधिकारी पोरगी शहाणी आहे, काहीतरी करेल. अधिकाऱ्याने यादी वाचली. शेपटाचं नाव पहिल्या गाडीत. राणीसरकारचं दुसऱ्या.

नऊ वर्षांची पोर, पण ती रडली नाही. ती मावशीसमोर येऊन उभी राहिली. "मावशी, तू सांगितलंस ना यांना? आम्ही एकत्र असतो ते?"

मावशी वळली. खोलीत जाऊन तिने बायबल उघडलं, फॉर्म काढला आणि त्या छापील ओळीखाली सही केली. चौतीस वर्षांत तिची सही अशी वेडीवाकडी आली नव्हती. बाहेर येऊन तिने कागद अधिकाऱ्याच्या हातात कोंबला. "घे. केली सही. हमी, कायदा, सगळं मान्य. आता तरी एका गाडीत बसव."

"मावशी," अधिकारी कागद परत देत म्हणाली, "तारीख गेली हो. यादी वरून आलीय. मी पाचपर्यंत थांबले होते त्या दिवशी. साडेसहापर्यंत थांबले होते."

तेलही गेलं, तूपही गेलं. शब्दाला जागली असती तरी एक होतं, मोडायचाच होता तर दहा दिवस आधी मोडता आला असता.

शेपटाला वाटलं, फिरायला नेतायत. जन्मात पहिल्यांदा ती ताईच्या पुढे धावत गेली आणि गाडीच्या पायरीवरून ओरडली, "ताई, तू मागे!" दार लागलं. राणीसरकार तेव्हाही रडली नाही. तिने फक्त मावशीचा हात सोडला.

दोन महिने गेले. मावशी त्याच घरात राहत होती, कारण खाटा विकायला तिचं मन होत नव्हतं. अधिकाऱ्याने मध्ये एकदा येऊन सांगितलं की राणीसरकारला त्या दोघींनी घेतलं, सुतारीण आणि मास्तरणीने. त्यांनी धाकटीही मागितली होती, पण ती आठवडाभर आधीच दुसरीकडे गेली होती. कुणाकडे, ते सांगता येत नाही. मावशी बरं म्हणाली. जे होऊ नये म्हणून तिने घर बंद पडू दिलं, ते झालंच होतं. फक्त अर्धं झालं होतं.

एका दुपारी फोन वाजला.

"मावशी, ओळखलंत का? मी घड्याळजी. तुमच्या रविवारच्या शाळेतला, पुढच्या बाकावरचा."

ओळखणार कशी नाही? गुणी पोरगा. मोठा होऊन दुसऱ्या शहरात घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं, मंडळीतलीच मुलगी केली. मूलबाळ नव्हतं.

"आम्ही मुलगी घेतली, मावशी. बालगृहातून. फायलीवर तुमच्या अक्षरातली चिठ्ठी! बायको म्हणाली, ही प्रभूचीच खूण."

आई, बाप, जेवणाआधी प्रार्थना, रविवारी चर्च. मावशीने मागितलं होतं तसंच घर, तंतोतंत. तिच्या डोळ्यांना धार लागली. "कशी आहे रे माझी शेपूट?"

"खाते. हसते सुद्धा. पण झोपत नाही. हात बाहेर काढून बसते. आम्ही दोघांनी हात देऊन पाहिला, घेत नाही. डॉक्टर झाले, सगळं झालं. तुम्ही लिहिलंय, ताईचा हात. ताई कुठे असते, मावशी? आम्ही तिलाही बघतो ना."

मावशीने सांगितलं. कुणाकडे आहे, त्या दोघी कोण, सगळं सांगितलं. खोटं तिला येत नव्हतं.

"चांगल्या बाया आहेत," मावशी घाईने म्हणाली. "मी पाहिलंय. त्यांना कळव. राहायला पाठवू नको हवं तर, नुसती भेट घाल. महिन्यातून एकदा. पोरगी झोपेल रे."

"मावशी," घड्याळजी हळू, अगदी आदराने म्हणाला, "तिथे कसं पाठवणार? आज भेट, उद्या मुक्काम, परवा पोरीला तेच बरोबर वाटणार. एक पाऊल वाकडं पडलं की दुसऱ्याला रस्ता सापडतो."

पलीकडे दुकानातली घड्याळं टिकटिकत होती. घड्याळजी वाट बघत होता, लहानपणी पाठ म्हणून दाखवल्यावर बघायचा तशीच, मावशी शाब्बास म्हणेल म्हणून.