तिसरं आणि सातवं गृहीतक

एकतीस वर्षं बाबांना एकच ध्यास होता. सगळं भौतिकशास्त्र नऊ गृहीतकांवर उभं करायचं: नऊ गोष्टी धरून चालायच्या, बाकी सगळं त्यातूनच पायरीपायरीने सिद्ध झालं पाहिजे. ती नऊ गृहीतकं पुठ्ठ्यांवर लिहून त्यांनी टेबलासमोर टांगली होती. आईच्या आजारपणातही ते तिथून हलले नाहीत. "सातवं तेवढं जमू दे, मग येतोच दवाखान्यात," म्हणायचे. सातवं जमलं, तेव्हा आईला जाऊन चार दिवस झाले होते. मी त्यांना त्याबद्दल माफ केलेलं नाही.

आज त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं पत्र आलं. तिसरं गृहीतक खरं असेल तर सातवं खोटं ठरतं, असं त्याने दाखवून दिलं होतं. मी शाळेत गणित शिकवते. दोनदा तपासलं, त्याचं बरोबर होतं.

"चला, सुटलात एकदाचे," मी म्हणाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

बाबा चिडले नाहीत. "एकमेकांविरुद्धच्या दोन गोष्टी खऱ्या धरल्या, की त्यातून वाटेल ते सिद्ध करता येतं. माहीत आहे ना तुला?"

त्यांनी कागद ओढला, सावकाश चार ओळी लिहिल्या आणि माझ्यापुढे सरकवला.

"काढ चूक."

पहिल्या ओळीत तिसरं गृहीतक होतं, दुसरीत सातवं. चौथी ओळ होती, 'म्हणून तुझी आई जिवंत आहे.'

मी लाल पेन घेऊन बसले. एकाही पायरीत चूक नव्हती.