सिग्नेजवळचा फुटवा

मी एक जुनी रानगुलाबाची जाळी आहे. अमेरिकेतल्या डकोटाच्या माळावर, चर्चच्या कुंपणाबाहेर, सडकेला लागून उभी. उंची गुडघ्याएवढी, फूल पाच पाकळ्यांचं. दुकानातले गुलाब भरजरी असतात, पण थंडी पडली की त्यांना गोणपाटात गुंडाळावं लागतं. मला कुणी गुंडाळलं नाही. मित्रांनो, इथे पहिला नांगर आला त्याच्या आधीपासून माझी मुळं या मातीत आहेत.

मागल्या पानगळीत सडक रुंद करणारी माणसं माझ्या बुंध्याशी नारिंगी झेंडी रोवून गेली. ती बघून गावातली म्हातारी थोरबोर्गबाई थेट माझ्यापाशी आली. तिची लेक सिग्ने कुंपणाच्या आत पुरलेली आहे. जिवंत होती तेव्हा पोर उन्हाळाभर माझ्यापाशीच खेळायची. सडकेपायी मी उखडली जाण्याआधी माझा अंश लेकीजवळ लावायचा, एवढंच म्हातारीच्या मनात होतं.

तिनं माझी लाल फळं नेली, बिया काढल्या आणि शेगडीशेजारी डब्यात पेरल्या. एकही उगवली नाही. आमच्या बीला बर्फाखाली हिवाळा काढावा लागतो. ऊब दिली की ती रुसते.

मग बर्फ वितळल्यावर, मला पानं फुटायच्या आत, ती दीर ओर्विलला कुदळीसकट घेऊन आली.

"वहिनी, तण आहे हे काटेरी. गाईसुद्धा तोंड लावत नाहीत."

"तुमच्या भावाशी लग्न केलं तेव्हा गावानं माझ्याबद्दल हेच म्हटलं होतं, भावजी. खणा आता."

माझा फुटवा मुळासकट निघाला. शेंडा छाटून वीतभर ठेवला आणि सिग्नेजवळ लावला. म्हातारी रोज पाणी घालायची. पानं आली. मी ताठ मानेनं बघत होते.

मे अखेरीला इथली माणसं आपल्या मेलेल्यांना फुलं वाहायला येतात. त्याआधी थडग्यांभोवतीचं गवत एकसारखं कापलं नाही, तर ओर्विलला नाक कापल्यासारखं वाटतं. सवयीनं यंत्र फिरलं आणि फुटवा जमिनीबरोबर झाला.

शरमेनं त्यानं शहरातून लाल कलमी गुलाब आणला. फुटव्याचा उरलेला बुंधा उपटून तिथेच तो लावला. उपटलेल्या मुळावर पांढरा कोंब होता, तांदळाच्या कणीएवढा. त्यानं तो पाहिला नाही. कुंपणापाशी फेकलेला तो माझ्यासमोर वाळला.

"वहिनी, चुकलं माझं."

"चांगला आहे हा. पाणी घालत जा त्याला," थोरबोर्गबाई म्हणाली आणि माझ्यापाशी आली. मी कळ्यांनी भरले होते. अशा दिवसांत खणलेलं आमचं पोर जगत नाही, हे तिला ठाऊक होतं. सडकेवर यंत्रं येऊन थांबलीच होती. ती माझ्या काट्यांतून हात फिरवत राहिली, आणि काही न तोडता गेली.

मित्रांनो, कापलं गेलेलं रोप उपटण्याआधी बोटानं माती उकरून बघा. वरून मेलेले दिसतो तेव्हा आम्ही खाली असतो. एखादा हिवाळा कुणीतरी थांबायला हवं, इतकंच.