चांद्याची शिंगं

म्हातारा मुहापिका आता जगत नाही, हे वाळवंटातल्या त्या अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं. चांद्या बैल त्यासाठीच राखलेला. म्हातारा गेला की तो कापायचा, मांस मयताला आलेल्या पाहुण्यांनी खायचं, घरच्यांनी तोंड लावायचं नाही, आणि शिंगं थडग्यावर रचायची. शिंगांवाचून गेलेल्याने वाडवडिलांपुढे कुठल्या तोंडानं बसायचं?

आणि नेमका तोच बैल सिंहिणीनं मारला! कोरड्या नदीतली ती हडकुळी, समुद्रावर जाऊन किनाऱ्यावरचे सील प्राणीसुद्धा मारून खाणारी. निम्मा बैल खाऊन ती झुडपांत शिरली. उरलेल्यासाठी संध्याकाळी परतणार, यात शंकाच नव्हती.

म्हाताऱ्याचा मुलगा वेझेपा रागानं पेटला. गोचिडं मारायचं औषध उरलेल्या मांसात भरून तो घरी आला.

"बाबा, चांद्या गेला. सिंहिणीनं खाल्ला."

"शिंगं?"

"आहेत. आणि उरलेल्या मांसात विष घातलंय. सोडत नाही तिला."

म्हातारा उठून बसायला धडपडला. "अरे गाढवा, माझ्या मयताचं जेवण ते! ती जरा लवकर आली, एवढंच. मयताला आलेल्या पाहुणीला विष घालतोस?"

"जा की, ती खायच्या आत!" आई ओरडली. "खांबासारखा उभा काय राहिलास?"

वेझेपा धावत सुटला. पोचला तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता आणि सिंहीण मांसासमोरच उभी होती, अजून तोंड लावलेलं नव्हतं. बरगड्या मोजून घ्याव्यात, मागे दोन पिल्लं. तो ओरडला, दगड मारले. ती जरा मागे सरली, एवढंच. त्यानं शिंगं तोडून घेतली, मांसावर वाळकी लाकडं रचली आणि काडी ओढली. सगळं जळेपर्यंत ती बघत बसली. मग पिल्लांना घेऊन समुद्राच्या दिशेनं निघून गेली.

त्यानं शिंगं बापाच्या हातात दिली.

"जेवली?"

"नाही बाबा. सगळं जाळावं लागलं."

शिंगांवरून फिरणारा हात थांबला. "म्हणजे पाहुणी उपाशी गेली," म्हातारा म्हणाला. तेच त्याचे शेवटचे शब्द. पहाटे तो गेला.

वेझेपाच्या काळजात ते शब्द रुतून बसले. म्हाताऱ्याला पुरायच्या दिवशी त्यानं स्वतःचा तांबडा बैल कापला. चांद्याची शिंगं थडग्यावर रचली, पाहुणे जेवले. मग एक अख्खी मांडी त्यानं खांद्यावर घेतली.

"कुठं निघालास रे?" आईनं विचारलं.

"एक पाहुणी जेवायची राहिलीय, माय."

नदीच्या वाळूत पावलं समुद्राकडे गेलेली होती. परतीचं एकही नव्हतं. मांडी तिथंच ठेवून तो पाहुणीची वाट बघत बसला.